रात्री जेवणानंतर एक

चंपाबाई ओव्हाळांच्या स्वयंपाकघरात त्यांना न विचारता डब्याचं झाकण उघडायची आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती. त्या शनिवारी ती त्यांच्या लेकीची झाली. मैत्री हिंजवडीला कंपनीत पंधरा माणसांवर साहेब आहे, आणि त्याच तोऱ्यात ती ओट्याखाली शिरली. तेलाचा डबा बाहेर, सुकट आणि बोंबील बाहेर, तुपाची बरणी बाहेर, खोबरं-शेंगदाणे एका पिशवीत. तोंड चालूच होतं. सहा आठवडे झाले, बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, तरी आजच्या रिपोर्टात आकडा जागच्या जागी. एकीकडे औषध घ्यायचं आणि दुसरीकडे आईने तर्री ओतायची, मग उतरणार कसा तो?

चंपाबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या. बोलायचं पुष्कळ होतं, पण बापाच्या काळजीने लेकीचे डोळे भरलेले दिसत होते, म्हणून त्यांनी जीभ आवरली.

"बाबा, तुम्हीच सांगा. आई तेल किती घालते?"

पोपटराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी पेपर गुडघ्यावर ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तेल जरा जास्तच असतं हिचं." एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

चंपाबाईंना कोणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसं झालं. तेल जास्त? ह्या हातांनी वीस वर्षं विश्रांतवाडीत डबे दिले. नोकरीच्या पगारात घराचा हप्ता गेला, पण मैत्रीचं इंजिनिअरिंग झालं ते ह्या डब्यांवर. कॉलेजची पोरं, पोलीस लाइनीतली बिनबायकांची माणसं, बदलीवर आलेले बँकवाले, सगळे जेवून गेले. कोणाच्या छातीत दुखल्याचं ऐकिवात नाही. अजूनही एकेकाचा दिवाळीत फोन येतो, काकू, तुमच्या वांग्याची चव कुठे मिळत नाही म्हणून. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं ताट चाटून पुसून खाल्लं, त्याने एका वाक्यात त्यांच्या हाताला विषारी ठरवून टाकलं होतं.

मुळात हे सगळं सुरू झालं जूनच्या शेवटी. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त बिल्डरच्या जाहिरातीत. पोपटराव भाजीची पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबले आणि छाती धरून पायरीवर बसले. डॉक्टर दिग्विजय माने तरुण, पण समजावून सांगणारा. त्याने पट्ट्यावर चालवून बघितलं, रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल एकशे नव्वदच्या घरात, हृदयाच्या नळीत अडथळा असावा अशी शंका. आधी गोळ्यांनी आकडा खाली आणू, म्हणाला. नाही आला तर नळीत तार घालून बघावं लागेल, आणि मग कदाचित स्टेंट.

पोपटरावांनी तेव्हा नेमका प्रश्न विचारला होता, की ही गोळी लागू पडायला किती दिवस लागतात. डॉक्टरने सांगितलं, आतलं काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं, पण पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्हाला काही जाणवणार नाही. ताप उतरल्यासारखं हे कळत नाही, रक्त तपासल्यावरच कळेल. रात्री जेवणानंतर एक, चुकवायची नाही. औषधवाल्याने पाकिटावरही तेच लिहून दिलं. पोपटरावांनी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर पाकिटावर लिहिलेलं असेल तिथेच पत्र टाकलं त्यांनी. लिहिलेलं म्हणजे त्यांच्या लेखी संपला विषय.

दहा-बारा दिवसांनी आषाढ पौर्णिमा आली आणि विहारात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताचा काळ, सुरू झाला. पोपटराव दर वर्षी विहारात ग्रंथवाचनाला जातात, पौर्णिमेला अष्टशील पाळतात. यंदा मात्र त्यांनी भंतेजींसमोर सांगितलं, की आश्विन पौर्णिमेपर्यंतचे पूर्ण तीन महिने आठही शीलं पाळीन. म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही, फक्त पाणी. चंपाबाईंना मनातून आवडलं नव्हतं, दुखणेकरी माणसाने हे कशाला? पण दुखणं आल्यापासून ते घाबरले होते आणि काहीतरी घट्ट धरू बघत होते, हे त्यांना दिसत होतं. रोज पहाटे उठून त्या अकराच्या आत गरम स्वयंपाक वाढू लागल्या. संध्याकाळी आपलं ताट घेऊन एकट्याच जेवू लागल्या.

आणि सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला तो असा. एकशे ब्याऐंशी.

मैत्रीने सगळे डबे आणि पिशवी उचलून गाडीत टाकली ती वाकडला आपल्या घरी जाईपर्यंत गप्प बसली नसणार, कारण त्याच संध्याकाळी हडपसरहून नणंदबाईंचा फोन आला. दुर्गाबाईंनी वहिनीला एवढंच सांगितलं, की आमचा दादा लग्नाआधी काडीसारखा होता. रविवारी विहारात बायकांनी चंपाबाईंना बाजूला घेऊन अळशीची चटणी कशी करायची ते समजावलं. डबे देणाऱ्या बाईला चटणी! पण खरा घाव घातला तो प्रियदर्शनीने. ती महिला मंडळाची नवी सचिव, बोलायला साखरेहून गोड. आश्विन पौर्णिमेची विहारातली खीर कितीतरी वर्षं चंपाबाईंच्या हातची असते. प्रियदर्शनी म्हणाली, "चंपाताई, यंदा खिरीचं आपण बाहेर सांगू या. तुम्हाला घरचं पथ्यपाणी सांभाळायचंय ना." आजूबाजूच्या बायका खाली बघू लागल्या. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं.

राग आला की चंपाबाई भांडी घासतात. त्या आठवड्यात घरातली पितळेची भांडी देवळातल्यासारखी लखलखली. भाजी पाण्यात शिजू लागली, आमटीला फोडणी गेली, पोळीला तेलाचं बोट लागेना. पोपटराव निमूटपणे ते गिळत. चंपाबाईही तेच खात, कारण दोन स्वयंपाक करायची त्यांना शिसारी आली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लोक म्हणतात ते त्यांना स्वतःलाही खरं वाटू लागलं. एकदा कढई हातात घेऊन त्या ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. खरंच मीच मारतेय का ह्यांना, रोज थोडंथोडं, चवीचवीने? नवरा जिना चढताना थांबला की त्यांना आता भीतीबरोबर अपराध्यासारखं वाटे. हे ज्याने वाटायला लावलं त्याला त्या कधी माफ करणार नव्हत्या, फक्त तो कोण हे अजून त्यांना नीट कळलं नव्हतं.

डॉक्टरकडे जाताना मैत्रीला सुट्टी मिळाली नाही. बरंच झालं. दिग्विजय डॉक्टर रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालत म्हणाला, की हे बरोबर दिसत नाही. आता डोस दुप्पट करू, जोडीला आणखी एक गोळी देऊ, आणि अँजिओग्राफीची तारीखही घेऊन ठेवू. पोपटराव मान हलवत होते.

"डॉक्टर, एक विचारू?" चंपाबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं तेल जास्त होतं म्हणून गोळी लागली नाही, असं सगळे म्हणतात. तुम्ही खरं सांगा. असं होतं का?"

डॉक्टर जरा हसला. तेल बेताचंच हवं, रोज तळलेलं नको, हे आहेच, म्हणाला. पण जेवणाने आकडा हलतो तो थोडा. ही गोळी रोज पोटात गेली तर महिन्याभरात तो निदान तिसऱ्या हिश्शाने खाली यायलाच हवा. "मावशी, तुम्ही रोज भजी घातली असतीत ना, तरी एवढा नसता राहिला." मग त्याचं हसू थांबलं आणि तो पोपटरावांकडे वळला. "काका, गोळी रोज घेता ना?"

"लिहिल्याप्रमाणे घेतो," पोपटराव म्हणाले.

चंपाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्याच्या रेघा त्यांना पाठ आहेत. लिहिल्याप्रमाणे? लिहिलंय काय? रात्री जेवणानंतर एक.

"अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "रात्री तुम्ही जेवता कुठे?"

पोपटरावांनी घसा साफ केला. जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी घ्यायची कशी, म्हणाले. उपाशीपोटी औषध घेतलं की पोटात आग पडते. पहिले दहा-बारा दिवस नियमाने घेतली, मग वर्षावास सुरू झाला. डॉक्टरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ही गोळी सकाळी घ्या, रात्री घ्या, भरल्या पोटी घ्या, रिकाम्या पोटी घ्या, काही बिघडत नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. घेताय तोवर ती काम करते, थांबलात की ती थांबते, मग आकडा पुन्हा होता तिथे. दुप्पट डोस नको, तार नको, आहे तीच गोळी दुपारच्या जेवणाबरोबर आजपासून सुरू करा आणि सहा आठवड्यांनी या. आणि छातीत दुखलं तर सहा आठवड्यांची वाट बघू नका, तडक या.

परतताना दोघं रिक्षात बसले. मूर्खपणाचा त्यांना राग नव्हता. हा माणूस असाच आहे, लिहिलेलं वाचतो आणि न लिहिलेलं त्याला दिसत नाही, हे पत्करूनच त्यांनी संसार केला. त्यांच्या डोक्यात दुसरंच ठणकत होतं.

"त्या दिवशी रिपोर्ट आला," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, गोळी पोटात गेलीच नाही म्हणून असं झालं ते?"

पोपटराव बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "शंका आली होती."

"तेल जास्त असतं हिचं, हे शंका आल्यावर म्हणालात की आधी?"

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली. उत्तर आलं नाही. न देताच मिळालं ते. म्हणजे ह्या माणसाला तेव्हाच माहीत होतं. पोरीसमोर वेंधळं दिसायची लाज वाटली, म्हणून बायकोला पुढे केलं. डबे बाहेर निघाले, नणंदेने टोचलं, खीर गेली, आणि हा रोज विहारात बसून शीलं म्हणत होता. तोंडावर भिजलेलं फडकं मारावं असं चंपाबाईंना वाटलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून त्यांनी आवाज चढवला नाही.

"चौथं शील काय हो तुमचं? खोटं बोलणार नाही, असंच ना? बारानंतर शेंगदाणा तोंडात टाकत नाही तुम्ही. आणि हे बरं पचलं."

"मैत्रीला सांग तू," पोपटराव पुटपुटले.

"मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती म्हणेल आई सारवासारव करतेय. ज्या तोंडाने बोललात त्याच तोंडाने सांगायचं. गोळीला सहा आठवडे लागतात ना? बघते तुमच्या तोंडाला किती लागतात."

दुसऱ्या दिवसापासून चंपाबाई ताट वाढत, ताटाशेजारी गोळी ठेवत आणि ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहत. बोलत नसत. फोडणी परत आली, बेताची, पण चुरचुरीत. पोपटराव दर दोन दिवसांनी काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि मीठ मागत. मैत्रीचा फोन रोज येई, पथ्याची चौकशी होई, ते "चाललंय, चाललंय" म्हणत आणि फोन ठेवत. दुर्गाबाई एकदा येऊन बिनतेलाचं लोणचं देऊन गेल्या. पोपटरावांनी तेही बायकोकडे न बघता घेतलं. चंपाबाईंचा राग ह्या दिवसांत निवला नाही, तो मुरला.

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात रिपोर्ट आला. एकशे आठ. डॉक्टर खूश झाला, तारेचा विषय त्याने बाजूला ठेवला. पोपटराव आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढत होते. चंपाबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले, कारण नवऱ्यावर कितीही जळफळाट झाला तरी तो जगायला हवा होता. बाहेर मैत्रीचा फोन स्पीकरवर होता. "बघितलंस आई? तेल कमी केल्यावर कसा उतरला! मी म्हणत होते की नाही?"

चंपाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पोपटरावांनी फोनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "हो, उतरला," म्हणाले. "रविवारी विहारात येशील ना कार्यक्रमाला?"

विहारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. मैत्री आली, दुर्गाबाई पांढरं पातळ नेसून पुढच्या रांगेत. मागच्या बाजूला कॅटररची खीर पातेल्यात निवत होती, पाण्यासारखी पातळ. चंपाबाईंनी एकदाच झाकण उचलून बघितलं आणि पुन्हा ठेवलं. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं आणि प्रियदर्शनीने माईक हातात घेतला. पूर्ण वर्षावास अष्टशील पाळणारे आपल्या वस्तीतले एकमेव उपासक म्हणून पोपटराव ओव्हाळ यांचा सत्कार. गुलाबाचा गुच्छ, शाल, टाळ्या. मग कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला.

पोपटराव माईकसमोर उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती. समोर बायकांच्या रांगेत चंपाबाई ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर सरळ त्यांच्यावर.

"आठ नाही," ते म्हणाले. "सातच पाळली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांना सजवून बोलता येत नाही, त्यामुळे बातमी वाचावी तसं सांगितलं. औषध मी घेत नव्हतो. जेवण बंद म्हणून गोळी बंद केली, ती माझी चूक. रिपोर्ट वाईट आला तेव्हा कारण मला ठाऊक होतं. तरी मी हिच्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं, मुलीसमोर. त्यानंतर तुम्ही सगळ्यांनी ठेवलं, आणि मी ऐकत बसलो. आकडा उतरला तो गोळीने. हिचं जेवण आधी होतं तसंच चांगलं आहे. एवढं बोलून ते थांबले आणि गुच्छ कुठे ठेवावा ते न कळून तसेच उभे राहिले.

टाळ्या सुरू झाल्या. आधीपेक्षा जोरात. भंतेजींनी मान डोलावली. दुर्गाबाई शेजारणीला म्हणाल्या, आमचा दादा म्हणजे पहिल्यापासून असा, आरशासारखा स्वच्छ. प्रियदर्शनीने माईक घेऊन सांगितलं, की एवढ्या लोकांत चूक कबूल करायला मोठं मन लागतं. कार्यक्रम संपल्यावर माणसं पोपटरावांचे हात हातात घेत होती.

चंपाबाई बायकांच्या रांगेतून उठून बाजूला उभ्या राहिल्या. म्हणजे खोटं बोलला तेव्हा गप्पगार जेवला आणि खरं बोलला तर टाळ्या. दोन्हीकडून ह्याचंच भलं! त्यांच्याकडे कोणी आलं नाही. खिरीचं कोणी काढलं नाही. तेवढ्यात मैत्री गर्दीतून वाट काढत आली. तिचा चेहरा पडला होता. "आई, तू का नाही सांगितलंस मला?" तिने विचारलं.

"तू मला विचारलं होतंस का? बाबांना विचारलंस. मी तर समोरच उभी होते."

उद्या तुझे सगळे डबे आणून देते, मैत्री म्हणाली. चंपाबाई म्हणाल्या, नुसते डबे आणू नकोस, सुकट नवी आण, तुझ्याकडची एव्हाना खराब झाली असेल. मग चपला पायात सरकवून त्या बाहेर पडल्या.

पोपटराव शाल आणि गुच्छ सांभाळत मागून आले. जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबले, पण दम लागून नाही.

"सांगितलं ना सगळ्यांसमोर," ते म्हणाले. "आता तरी राग गेला ना?"

चंपाबाई चार पायऱ्या वर होत्या. त्यांनी कठड्याला हात लावून खाली बघितलं. शाल, गुलाब, आणि त्यांच्यामध्ये तो म्हातारा चेहरा, बक्षीस मागणाऱ्या पोरासारखा.

"आज तर पहिली गोळी घेतलीत," त्या म्हणाल्या. "लगेच कशी लागू पडेल? रोज घ्यायची. चुकवायची नाही."

पोपटरावांनी मान हलवली, लिहून दिल्यासारखी. चंपाबाईंनी वर जाऊन कुलूप उघडलं, शाल त्यांच्या हातातून घेऊन खुंटीला लावली आणि स्वयंपाकघरात गेल्या. पौर्णिमा सरेपर्यंत संध्याकाळचं जेवण त्यांच्या एकटीचंच होतं. त्यांनी वांगी चिरली, कढई ठेवली आणि तेल घातलं, वीस वर्षं डब्यांना घालायच्या तेवढंच.